नावातला ह

इस्राएलमधल्या अश्दोदला आत्याच्या गुडघ्यांसाठी आम्ही दवाखान्यात नंबर लावून बसलो होतो. आतलं दार उघडलं, नर्सने हातातल्या कागदावर नजर टाकली आणि मोठ्याने हाक मारली, "रखेल!"

तीन बायका एकदम उठल्या. एक सत्तरीची, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधलेली. एक विशीतली, सैन्याच्या हिरव्या गणवेशात. तिसरीच्या कडेवर बाळ होतं. तिघींनी एकमेकींकडे बघून हसून घेतलं, नर्सने आडनाव उच्चारलं, दोघी खाली बसल्या. मी खुर्चीचा दांडा घट्ट धरून बसले होते. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. आत्या इतकी हसली की तिला ठसका लागला. "तुला नाही गं बोलावत," ती म्हणाली, "पण बोलावतील तेव्हा असंच बोलावतील. तयारी ठेव."

माझं नाव राहेल. आमच्या बेने इस्राएल लोकांत, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंत, हे नाव काही दुर्मीळ नाही. पेण-अलिबागकडच्या आमच्या गोतावळ्यात एके काळी दर दोन घरांआड एक राहेल निघायची. पण पुण्यात मराठी शाळेत माझ्या वर्गात मी एकटीच. पहिल्याच दिवशी हजेरी घेताना बाईंनी "राहुल" असं वाचलं आणि मुलांच्या रांगेकडे बघत राहिल्या. गॅसवाला आजही खालून "राहुलभाऊ, सिलिंडर!" असं ओरडतो. शाळेच्या दाखल्यावर मी राहेल आहे, एका सरकारी कार्डावर रेचल, बँकेच्या पासबुकात रशेल. तिघी एकच आहेत हे सिद्ध करण्यासाठी मी एकदा स्टँपपेपरवर प्रतिज्ञापत्र केलंय. नोटरीने विचारलं, "मॅडम, यातलं खरं कुठलं?" मी राहेलवर बोट ठेवलं. तेव्हा चौथं नाव अजून माझ्या कानावर पडायचं होतं.

हिब्रूत हे नाव तीन अक्षरांचं. रेश, हेत, लामेद. उजवीकडून डावीकडे लिहायचं, दोन स्वर खुणांनी दाखवायचे किंवा न दाखवता गृहीत धरायचे. जोर शेवटच्या 'हेल'वर. र आणि ल यांच्याबद्दल कुणाची तक्रार नाही. सगळा घोळ मधल्या अक्षराचा. हेत हे अक्षर येमेनकडून आलेली ज्यू माणसं घशाच्या अगदी तळातून काढतात, थंडीत आरशावर वाफ सोडावी तसा, पण घसा आवळून काढलेला ह. युरोपातून आलेल्यांनी त्याचा ख केला; आपला खटाऱ्यातला ख नव्हे, तर उर्दू बोलणारा 'खबर' म्हणताना घासून काढतो तो. आजच्या इस्राएलमध्ये बहुतेकांच्या तोंडी हाच बसलाय. मराठी कानाला असा घासलेला ख वेगळा कळत नाही. तो सरळ खटाऱ्यातला ख ऐकतो, आणि मग जे ऐकू येतं ते येतं.

आमच्या एका चुलत आजीने याचा मोठाच धसका घेतला होता. साठच्या दशकात ती नवऱ्याबरोबर दिमोनाला गेली. वाळवंटातलं नवं वसवलेलं गाव, कापडगिरणीत दोघांना काम. पहिल्याच आठवड्यात ती रडत घरी आली. "तो मुकादम मला भर गिरणीत, चार माणसांसमोर रखेल म्हणतो." आजोबा दुसऱ्या दिवशी बाह्या सरसावून गिरणीत. भाषा येत नाही, मुकादमाला कळेना की हा गृहस्थ आपल्या बायकोच्या नावावरून आपल्याला का मारायला उठलाय. मग कोचीनकडच्या कुणीतरी मध्ये पडून उलगडा केला. चुलत आजी तरीही त्या हाकेला ओ देईना. शेवटी तिने "मला बाई म्हणा" असं सांगितलं. गिरणीतल्या मोरोक्कोच्या आणि रुमानियाच्या बायकांना तेच तिचं नाव वाटलं. निवृत्त होईपर्यंत ती तिथे बाई होती.

मराठी बायबलमध्ये हे नाव 'राहेल' असं छापलं गेलं, याबद्दल त्या न पाहिलेल्या भाषांतरकारांना माझा नमस्कार. आमच्याकडे हिब्रू आलं तेही बऱ्याच अंशी मराठीतून. १८३२ साली मुंबईत जॉन विल्सन नावाच्या स्कॉटिश मिशनऱ्याने हिब्रूचं व्याकरण मराठीत छापलं, ते आमच्याच लोकांसाठी. धर्मांतराच्या आशेने आलेल्या माणसाकडून आमच्या पणज्यांनी व्याकरण तेवढं घेतलं आणि बाकीचं सौजन्याने परत केलं. १८४६ मध्ये वल्हांडणाच्या सणाच्या रात्री वाचायची पोथी, हग्गादा, मराठी भाषांतरासह मुंबईत निघाली, १८७४ मध्ये पुण्यात. त्याआधी कित्येक पिढ्या आमची नावं कोकणच्या मातीत कालवली गेली होती. शमुवेलचा सामाजी झाला, यहेज्केलचा हसाजी. १७९६ मध्ये मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधणारा शमुवेल यहेज्केल दिवेकर लोकांना सामाजी हसाजी म्हणूनच माहीत. सिनेगॉगला तरी कोण सिनेगॉग म्हणत होतं? माझी आजी शेवटपर्यंत 'मशीद'च म्हणायची, आणि शेजारणीही तिला "आज मशिदीत जायचं नाही का?" असं विचारायच्या.

नावाचा अर्थ मला बाराव्या वर्षी कळला. राहेल म्हणजे मेंढी. मोठी झालेली मादी मेंढी. मैत्रिणींची नावं स्नेहल, मृणाल, तेजस्विनी, आणि मी मेंढी! मी दोन दिवस बाबांशी बोलले नाही. मराठीत मेंढरू म्हटलं की पुढे 'सारखं' येतंच, आणि त्यापुढे काही चांगलं येत नाही. गाय झाली असती तर चाललं असतं, गरीब गाय हे निदान कौतुक आहे. बाबांनी समजूत काढताना भलतंच केलं. बायबलमधल्या राहेलची थोरली बहीण लेआ, आणि तिच्या नावाचा अर्थ काही पंडित 'गाय' असा लावतात, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे त्यांच्या बापाच्या, लाबानाच्या घरात एक गाय आणि एक मेंढी. माझं रडू वाढलं.

खरं तर हिब्रूत बायकांची प्राण्यांवरून नावं भरपूर. दबोरा म्हणजे मधमाशी, सिप्पोरा म्हणजे पाखरू, याएल म्हणजे डोंगरकड्यांवर उड्या मारणारी रानबकरी. आपल्याकडेही मैना, कोकिळा, सारिका आहेतच, पण त्या दिसायला किंवा गायला बऱ्या. मेंढीचं नाव मुलीला कौतुकाने ठेवायला मेंढ्यांवर जगणारे लोकच हवेत. ज्याची सगळी पुंजी चार पायांवर चालते, त्याला लोकर, दूध आणि दर वर्षी एक कोकरू देणाऱ्या मेंढीइतकं देखणं दुसरं काय दिसणार? बायबलमधल्या गीतरत्न या प्रेमकाव्यात प्रियकर प्रेयसीच्या दातांना मेंढ्यांच्या कळपाची उपमा देतो, नुकत्या धुऊन वर आलेल्या. तिथे मूळ शब्द राहेलचंच अनेकवचन आहे.

आजीला अर्थबिर्थ ठाऊक नव्हता, पण गोष्ट पाठ होती. भावाच्या भीतीने पळालेला याकोब परमुलखात विहिरीवर येतो. मेंढ्या घेऊन राहेल येते. तो एकट्याने विहिरीवरची धोंड सरकवतो. तिच्यासाठी मामाकडे सात वर्षं राबतो, लग्नाच्या रात्री मामा थोरली लेआ गळ्यात मारतो, मग राहेलसाठी आणखी सात. आजी हे सांगायची ते पेणच्या बोलीत, आणि मध्येच कुठेतरी गोष्ट जेजुरीकडे वळायची. "खंडोबा नाही का बाणाईसाठी धनगराच्या घरी चाकर राहिला, मेंढरं राखली? तस्संच." मग म्हाळसा म्हणजे लेआ आणि बाणाई म्हणजे राहेल, असं आमच्या डोक्यात पक्कं. बाबा वैतागायचे. आई, त्यांचा तोरा वेगळा, ह्यांचा तोरा वेगळा. आजीचा हिशेब सोपा होता: दोन बायका, एक नवरा, मेंढरं राखून केलेलं लग्न. यात वेगळं काय?

विहिरीवरच्या त्या प्रसंगात मूळ हिब्रूत एक खोडी आहे. याकोबाने मेंढ्यांना पाणी पाजलं, आणि पुढच्याच वाक्यात त्याने राहेलचं चुंबन घेतलं. 'पाणी पाजलं' आणि 'चुंबन घेतलं' या दोन्ही क्रियापदांची अक्षरं तीच, जशीच्या तशी. फरक फक्त स्वरांत, आणि स्वर तर पोथीत लिहीतच नाहीत. वाचणाऱ्याने अंदाजाने ठरवायचं की कोणत्या मेंढीला काय दिलं. मी हे पहिल्यांदा शिकले तेव्हा क्लासमध्ये एकटीच खुदकन हसले होते.

दुसरी जागा हसण्याची नाही. नाव सोडून 'राहेल' हा साधा शब्द, मेंढी या अर्थी, हिब्रू बायबलमध्ये फक्त चार ठिकाणी येतो. एक गीतरत्नातली ती दातांची उपमा. एक यशयाच्या पोथीत, कातरणाऱ्यापुढे मुकी राहणारी मेंढी. एक याकोबाने भावाला पाठवलेल्या नजराण्यात, मेंढ्या दोनशे. आणि चौथी त्याच्या आधीची. वीस वर्षं राबून याकोब बायकामुलं घेऊन गुपचूप निघतो, सासरा पाठलाग करून गाठतो, दोघांचं कडाक्याचं भांडण होतं. याकोब म्हणतो, मी वीस वर्षं तुझ्याकडे होतो, तुझ्या मेंढ्यांचा आणि बकऱ्यांचा कधी गर्भ गळला नाही. तिथे तो 'तुझ्या राहेली' असंच म्हणतो. समोर सासरा उभा. जवळच्या तंबूत त्याची लेक राहेल उंटाच्या खोगिराखाली बापाचे देव लपवून त्यावर बसलेली. थोड्याच काळाने ती वाटेतच बाळंत होते आणि जाते. मुलाचं नाव ती बेनओनी ठेवते, माझ्या दुःखाचा मुलगा. बाप ते बदलून बन्यामीन करतो. घराण्यातली बाकीची सगळी हेब्रोनच्या गुहेत एकत्र पुरलेली. राहेल एकटी रस्त्याकडेला, बेथलेहेमच्या वाटेवर.

माझ्या जन्माआधी माझा एक भाऊ आठ दिवसांचा होऊन गेला होता. हे मला खूप उशिरा सांगितलं गेलं. माझा जन्म अलिबागचा. बाळाचं नाव काय, असं प्रसूतिगृहातल्या आयाने विचारलं, तर आजी म्हणाली, "राहेल." आयाला ऐकू आलं ते 'राहील'. ती म्हणाली, "राहील की हो! का नाही राहणार? बघा कशी मुठी आवळतेय." आजीने ते जन्मभर सांगितलं. तिच्या लेखी नावाचा अर्थ त्या दिवशी ठरून गेला. शेजारी धोंडू, दगडू, केरू अशी नावं दृष्ट लागू नये म्हणून ठेवत, तर आपण सरळ 'राहील' ठेवलं, यात तिला काहीच वावगं वाटलं नाही. एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या नावाने मलिदा केला, पोहे, गूळ, नारळ, वर फळं, आणि तिने पहिला घास आयाला नेऊन दिला.

राहिलं मात्र फार कुणी नाही. १९४८ च्या आसपास आमची वस्ती सुमारे वीस हजारांची होती असं मानतात. पुढच्या दोन-तीन दशकांत बहुतेक उठून गेले. अलिबागच्या इस्राएल आळीतलं १८४८ चं मागेन अबोथ सिनेगॉग अजून झाडूनपुसून ठेवलेलं असतं. प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवायला कधी कधी फोन करावे लागतात. आत्या एकविसाव्या वर्षी बोटीने गेली. तिचं मराठी तिथेच थांबलंय. ती अजून 'तारायंत्र' म्हणते.

तर ह आणि ख. दवाखान्यातून परतल्यावर मी हट्टाला पेटले. आमचा ह बरोबर, त्यांचा ख बिघडलेला, हे मला सिद्ध करायचं होतं. बरेच महिने पुस्तकं चाळली, आणि निघालं ते असं.

मराठीत चहातला च आणि चुलीतला च हे दोन वेगळे उच्चार आहेत, अक्षर एकच. आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. बाहेरच्याला लिहिलेलं बघून कधीच कळणार नाही. प्राचीन हिब्रूत हेतचं तसंच होतं. एकाच अक्षराखाली दोन ध्वनी राहत होते, एक खोल ह आणि एक घासलेला ख. पुढे बोलण्यातला फरक बुजला आणि अक्षर तेवढं उरलं. मग कोणत्या नावात कोणता ध्वनी होता हे कसं ओळखायचं? इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात तोराचं, म्हणजे हिब्रू बायबलच्या पहिल्या पाच पोथ्यांचं, ग्रीक भाषांतर सुरू झालं, आणि पुढे बाकीच्या पोथ्यांचंही झालं. ग्रीकांकडे खोल ह लिहायला अक्षर नव्हतं, म्हणून तो जिथे ऐकू आला तिथे त्यांनी गाळून टाकला. खसाठी मात्र त्यांच्याकडे 'खी' होतं. हन्ना हे नावही हेतनेच सुरू होतं. ग्रीकमध्ये ते 'अन्ना' झालं, ह गुल. त्यातूनच जगभरच्या अ‍ॅना आणि अ‍ॅन. राहेल मात्र त्यांनी 'राखेल' लिहिलं. खी घालून.

शेजारच्या भाषाही तेच सांगतात. अरबीत मेंढीच्या मादी पिलाला 'रिख्ल' म्हणतात, ख सकट. प्राचीन इराकातल्या अक्कदी भाषेत मेंढी म्हणजे 'लख्रु'. र आणि ल यांनी जागा बदलल्यात, आपल्याकडे नुकसानचं नुसकान होतं तशा, पण मधला ख जागच्या जागी.

म्हणजे दिमोनाचा तो मुकादम अगदी चुकत नव्हता. त्याचा ख थेट याकोबाच्या विहिरीवरून आलेला नाही, तो युरोपातल्या गल्ल्यांतून फिरून आलेला, त्याचा इतिहास वेगळा. पण योगायोगाने तो पडला बरोबर त्या जुन्या जागेवर. हे कळल्यावर मी पुस्तक मिटून चहा करायला उठले. हरल्यासारखं वाटलं, थोडं हसूही आलं.

रेचलचा च तर निव्वळ लिखाणाचा अपघात. ग्रीक खीसाठी लॅटिनमध्ये दोन अक्षरं जोडून लिहायची पद्धत पडली, तीच जोडी इंग्रजीत च म्हणून वाचली गेली, आणि कोणत्याही मेंढपाळाने कधी न उच्चारलेला आवाज या नावात येऊन बसला. पुढे एका अमेरिकन मालिकेने तो घरोघरी पोचवला. स्पॅनिशवाल्यांनी त्याचं राकेल केलं, यिडिश बोलणाऱ्या युरोपातल्या ज्यूंनी रोखल. कॉलसेंटरची मुलगी मला "रेचल मॅम" म्हणते तेव्हा मी दुरुस्त करत नाही. तिला तिची वेळेची मोजदाद असते.

अश्दोदहून निघताना आत्याने माझ्या हातात वीस शेकेलची लाल नोट कोंबली, शकुनाची. तिच्यावर एका बाईचा चेहरा. १८९० मध्ये रशियात जन्मलेली, १९०९ मध्ये इथे येऊन किन्नेरेतच्या तळ्याकाठी शेती शिकलेली, १९३१ मध्ये क्षयाने गेलेली कवयित्री. आडनाव होतं, पण कवितांखाली ती फक्त 'राहेल' अशी सही करायची. नोट मी मोडली नाही. पाकिटात मागच्या कप्प्यात आहे, सोबत लाल दोऱ्याचा तुकडा. तो आत्याच्या सुनेने राहेलच्या कबरीवरून आणलेला. मूल व्हावं म्हणून, बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून बायका तिथे जातात, दोरा कबरीभोवती गुंडाळून आणतात. स्वतः बाळंतपणात गेलेल्या बाईकडेच हे मागणं का मागायचं, असं मी सुनेला विचारलं. "तिलाच कळेल ना," ती म्हणाली, आणि भांडी घासायला वळली.

यिर्मयाच्या पोथीत राहेल आपल्या मुलांसाठी रडते; मुलं धरून परदेशी नेलेली, ती काही केल्या शांत होत नाही. जुन्या भाष्यात पुढची गोष्ट आहे. जेरुसलेमचं मंदिर पडल्यावर अब्राहाम, मोशे सगळे देवापुढे गाऱ्हाणं घालून थकतात. मग राहेल उठते. म्हणते, लग्नाच्या रात्री माझ्या जागी बहिणीला पाठवलं तेव्हा तिची शोभा होऊ नये म्हणून याकोबाने मला दिलेल्या खुणा मी तिला सांगून टाकल्या. मी हाडामांसाची बाई मत्सर गिळू शकले, आणि तू देव असून मातीच्या मूर्तींचा मत्सर करतोस? देवाला तिचंच ऐकावं लागतं. मंदिर पडलं त्या दिवसाचा उपास आमच्याकडे 'बिरड्याचा रोजा' म्हणून ओळखला जातो, कारण त्या सुमाराला मांस वर्ज्य आणि घरोघरी वालाचं बिरडं. एवढ्या मोठ्या शोकाला कोकणाने कडधान्याचं नाव दिलं.

यंदाही वाल भिजवले, फडक्यात बांधून मोड आणले. कोमट पाण्यात घालून सोलायला बसले. अंगठ्याने दाबलं की साल सुटते आणि हिरवट डाळिंबी सुळकन ताटात पडते; शंभरएक झाल्या की बोटांच्या टोकांना सुरकुत्या येतात. फोन समोरच्या डब्याला टेकवून ठेवला होता, पलीकडे आत्या. तिचा आठ वर्षांचा पणतू मध्येच तोंड घालून म्हणाला, "शलोम, रखेल मावशी!"

आत्याने त्याच्या पाठीत धपाटा घातला. "ह म्हण. ह. राहेल."

त्याने मोठा श्वास घेतला. तिकडच्या पोरांच्या तोंडून साधा हसुद्धा हल्ली गळतो. "राएल," तो म्हणाला.

"ह कुठे गेला मेल्या?"

"राएल!"

"जाऊ दे," आत्या मला म्हणाली. "वाल कडवेच घेतलेस ना? गोड्यांना चव नसते."